येतो!

तर झालं असं की एका रविवारी ताईकडे जेवलो, भाच्याबरोबर पत्ते खेळलो आणि सहाच्या सुमारास बूट घालता घालता नेहमीसारखं म्हणालो, "चला, येतो." रात्री साडेदहाला ताईचा फोन. "अरे, हा दारात बसलाय. जेवायलाही उठत नाहीये. मामा येतो म्हणालाय म्हणे."

मी हसलो. ताई नाही हसली.

सहा वर्षांचा आहे. ऑटिझमचं निदान होऊन दीड वर्ष झालं. शब्द त्याला चोख कळतात, पण आवाजाचा सूर, कपाळावरची आठी, पायातले बूट यावरून आपण जो अर्थ आपोआप काढतो, तो त्याच्यापर्यंत पोचत नाही. आमच्या धंद्यातल्या भाषेत, डॉक्युमेंटेशन सगळं पाठ, अडतं ते अनडॉक्युमेंटेड फीचर्सवर. आणि निघताना "येतो" म्हणायचं, याहून मोठं अनडॉक्युमेंटेड फीचर मराठीत कुठलं?

निदानाआधी मीच ताईला ऐकवायचो, "लाडावून ठेवलंयस, जरा शिस्त लाव." एका वाढदिवसाला "आपलंच घर समजा" ऐकून हा सरळ यजमानांच्या पलंगावर जाऊन झोपला. चारचौघांत ताईची मान खाली, वर माझं लेक्चर. आता आठवलं की लाज वाटते.

पुढच्या खेपेला मी तोडगा काढला, त्याच्यापुढे सरळ "जातो" म्हणायचं. आईने असे डोळे वटारले की विचारू नका! ताईने मग वहीत गोष्ट लिहिली. सोशल स्टोरी म्हणतात याला, अमेरिकेतल्या कॅरोल ग्रे यांनी १९९० च्या सुमारास सुरू केलेली पद्धत. "असं कर, तसं करू नको" कमी, काय होतं आणि का होतं हेच जास्त. "मामा बूट घालतो. मामा 'येतो' म्हणतो. म्हणजे मामा त्याच्या घरी जाणार. तो परत दुसऱ्या दिवशी येईल. कधी, ते मी विचारू शकतो." शेजारी माझ्या बुटांचा फोटो. रोज रात्री वाचायचे दोघं.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. मामासाठी साडेचार तास उपाशी दारात बसणारा पोरगा स्वतःत मग्न? असो.

आता मी बूट हातात घेतले की प्रश्न येतो, "कधी?" परवा बोलून गेलो, "बघू, पुढच्या आठवड्यात कधीतरी." त्याचा चेहरा बघितला, परत खाली बसलो आणि मोबाईलमध्ये कॅलेंडर उघडलं.

"शनिवारी, साडेपाचला. चल, येतो."

"म्हणजे जातोस," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.