फिन्सबरीतले माझे एक मत

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या फ्रेंच माणसाला तिथल्या पार्लमेंटच्या निवडणुकीत मत नाही. अमेरिकन माणसालाही नाही. पण जुनी मराठी हस्तलिखिते चाळण्यासाठी पुण्याहून वर्षभर लंडनला गेलेल्या, मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या बाईला मात्र आहे! राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिकत्व आणि राहण्याचा रीतसर परवाना, एवढे जवळ असले की यादीत नाव लागते. साम्राज्य गेले, पण जाताना ही एक खिडकी लावून घ्यायची राहिली असावी.

१३ मे २०२४ ला पुण्यात लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा मी ब्रिटिश लायब्ररीत मोडी अक्षरांशी झगडत बसले होते. पुण्याच्या यादीत नाव असूनही लंडनहून मत देण्याची सोय नव्हती. त्यानंतर नवव्या दिवशी ऋषी सुनक भर पावसात, छत्रीवाचून डाउनिंग स्ट्रीटवर उभे राहिले आणि ४ जुलैची निवडणूक जाहीर करून मोकळे झाले. घरचे मत हुकले, आणि परक्याचे आपण होऊन दाराशी आले.

माझे बिऱ्हाड फिन्सबरीत होते. जुन्या घड्याळवाल्यांचा, छापखान्यांचा हा भाग. आता तिथे कॉफीची दुकाने फार झाली आहेत. रोझबेरी अव्हेन्यूने लायब्ररीकडे निघाले की फिन्सबरी टाउन हॉल लागतो. त्याच्या भिंतीवर दादाभाई नौरोजींच्या नावाची पाटी आहे. जवळच त्यांच्या नावाची एक लहानशी गल्लीही आहे. १८९२ साली याच भागातून दादाभाई लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटवर निवडून आले, तेही हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी. ज्यांची जीभ ‘नौरोजी’ला वळत नव्हती त्यांनी मग त्यांचे ‘नॅरो-मेजॉरिटी’ करून टाकले. त्या निवडणुकीत एकाही बाईला मत नव्हते. टाउन हॉलवरून जाताना माझ्या हे हटकून मनात येई.

हॅरोला माझा एक मामेभाऊ आहे. वीस वर्षे तिथे आहे, घर आहे, हुजूर पक्षाचा पक्का. त्याचा लगेच फोन आला.

“ताई, यात विचार कसला करतेस? आपला माणूस पंतप्रधान आहे!”

“आपला म्हणजे कुठल्या नात्याने रे?”

सुनक जन्मले साउथॅम्प्टनला, आईवडील पूर्व आफ्रिकेतून आलेले, घराणे पंजाबी, सासुरवाडी कर्नाटकातली. आता ‘आपला’ म्हणायचे तर ते तिघे आपल्या मुंबईचे. दादाभाई लिबरल. १८९५ साली बेथनल ग्रीनमधून निवडून आलेले मंचेरजी भावनगरी हुजूर पक्षाचे. आणि १९२२ साली बॅटरसीतून गेलेले शापूरजी सकलातवाला कम्युनिस्ट, तेही प्रत्यक्ष जमशेटजी टाटांचे भाचे! एकाच शहराचे, एकाच धर्माचे तिघे तीन पक्षांत. आपला माणूस शोधून मत द्यायचे तर या तिघांतला कोणता धरायचा, असे मी विचारले. तो म्हणाला, “तू वर्गात शिकवतेस तसं बोलू नकोस.”

घरमालकीण बाईंची तऱ्हा निराळी. त्या मूळच्या आयर्लंडच्या. वयाच्या अठराव्या वर्षी नर्स होऊन आल्या आणि सगळी हयात इस्पितळात घालवली. मजूर पक्षावाचून दुसरीकडे कधी फुली मारली नाही. मला मत आहे हे ऐकून त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

“तू डिसेंबरात जाणार. निस्तरायचं आम्ही. तू कशाला मत द्यायचं?”

प्रश्न वर्मी लागणारा होता. मी म्हटले, “बाई, तुमच्या आरोग्यसेवेचे पैसे माझ्याकडून व्हिसाबरोबरच भरून घेतलेत.” खरेच होते ते. माझ्यासारख्यांवरचा हा आकार फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला ६२४ पौंडांवरून १०३५ पौंडांवर गेला होता. “शिवाय उद्या माझ्या जागी जी कुणी येईल, तिच्यासाठीचे नियमही याच निवडणुकीत ठरायचेत.” बाई काही बोलल्या नाहीत, पण पटलेही नाही.

इंग्रजीत ‘ओपिनियन’ वेगळे आणि ‘व्होट’ वेगळे. मराठीत दोन्हींना आपण ‘मत’च म्हणतो, आणि माझी सगळी पंचाईत तिथेच होती. मते पुष्कळ होती. मत एक होते. १९४८ साली मजूर सरकारने उभारलेली ती आरोग्यसेवा मला माणसाने केलेल्या थोर गोष्टींपैकी एक वाटते. या बाबतीत मी बाईंच्या बाजूची. पण जुने सहसा पाडायचे नाही, नवे जपून करायचे, ही हुजूर मंडळींची वृत्तीही मला मानवते. पुण्यातले वाडे डोळ्यांदेखत जमीनदोस्त झालेल्या माणसाला ती मानवणारच. मात्र त्याच पक्षाच्या सरकारने एप्रिलपासून इथल्या माणसाला परदेशी नवरा वा बायको आणायची तर पगार १८,६०० ऐवजी २९,००० पौंड हवा, असा नियम केला. गरिबाने प्रेम करावे ते गल्लीतल्या गल्लीत!

मजूर पक्षाचा प्रचारक दाराशी आला तो कोवळा, गोड मुलगा. बाहेरून येणाऱ्यांची संख्या आम्हीही खाली आणू, असे त्याने मलाच हसतमुखाने सांगितले. ती संख्या म्हणजे आपल्यासमोर उभी असलेली बाई, हे बिचाऱ्याच्या ध्यानात आले नाही.

राहता राहिले लिबरल डेमोक्रॅट. त्यांचे पुढारी एड डेव्ही प्रचारात विंडरमिअरच्या तळ्यात फळीवरून धडाधड पडत होते. ते पाहून माझा भाऊ पोट धरून हसला. पण वृद्धांची घरच्या घरी सेवाशुश्रूषा फुकट व्हावी, हे त्यांच्या जाहीरनाम्यात होते. बाईंचे गुडघे आणि तीन मजल्यांचा जिना मी रोज पाहत होते. आणि जितकी मते तितक्या जागा, हा त्यांचा जुना आग्रह मला न्याय्य वाटत आला आहे. मी दोघांनाही सांगून टाकले. भाऊ म्हणाला, “मत पाण्यात.” बाईंनीही तेच म्हटले, या एकाच मुद्द्यावर त्या दोघांचे एकमत झाले.

गुरुवारी सकाळी चर्चच्या दालनात गेले. ओळख म्हणून भारताचा पासपोर्ट दाखवला. राष्ट्रकुलातला म्हणून तो चालतो. बाहेर मतदारांची कुत्री खांबाला बांधलेली, आत दोरीला बांधलेली शिसपेन्सिल. फुली मारली, कागद पेटीत टाकला. बोटाला शाई नाही, त्यामुळे मत दिल्यासारखे वाटेना.

निकाल लागला. मजूर पक्षाने सुमारे ३४ टक्के मतांवर ४११ जागा नेल्या. बाई खुशीत होत्या. सकाळी न्याहारीला वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसल्या.

“हे रिफॉर्मवाले बघ. तुला विमानात बसवून द्यायला टपलेले. १४ टक्क्यांवर मतं आणि जागा पाच. तुझ्या न्यायानं किती झाल्या असत्या?”

“नव्वदच्या वर,” मी म्हणाले.

“आणि तरी तुला ते हवं?”

“ती माणसं आहेतच ना बाई. पार्लमेंटात दिसली नाहीत म्हणून रस्त्यावरून थोडीच नाहीशी होतात?”

त्यांनी बराच वेळ कागदाकडे पाहिले. मग पेन्सिल कानावर खोचली आणि विचारले, “टोस्ट आणखी घेशील?”