टिंब

आमच्या शाळेतले कवायतीचे गुरुजी गेले त्याला आता दोन वर्षे होतील. जाण्यापूर्वी महिनाभर त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत गाठले आणि एक शंभरपानी वही पुढे केली. म्हणाले, "तुम्ही कादंबऱ्या लिहिता. माझं लेझीम तेवढं नीट लिहून द्या की!" मी हसून म्हटले, "दिवाळीच्या सुटीत बसू." आळसाला सुटीइतके सोयीचे निमित्त दुसरे नाही. सुटी आली, पण गुरुजी नव्हते.

यंदा संमेलनात लेझीम बसवायचे ठरले आणि ते काम माझ्या गळ्यात आले. चारकोपमध्ये १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने लहान लहान भूखंड पाडले गेले. लोकांनी त्यांवर आपापली घरे उभी केली. अशाच घरांच्या मधल्या चौकात आमची तालीम सुरू झाली. मी वही उघडली. प्रत्येक पानावर चार चौकोन, चौकोनांत काडीची माणसे, पायांशी बाण. वर मथळे : चार आवाज, पवित्रा, दो रुख. काही ठिकाणी चौथ्या चौकोनात नुसतेच एक टिंब. ते शाईचे असावे असे समजून मी पुढे गेलो.

एक मुलगा म्हणाला, "सर, मोबाइलवर बघून करू या." केले. दुसऱ्या दिवशी निम्मी पोरे उजव्याऐवजी डावा पाय टाकत होती. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्याचा उजवा तो आपला डावा, हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. माझ्याही नाही.

मग मी चौकशीला लागलो. माणसाची हालचाल लिहून ठेवण्याचा खटाटोप जगाने पुष्कळ केला आहे. रुडॉल्फ लाबानने १९२८ मध्ये आपली लिपी प्रसिद्ध केली. ती खालून वर वाचायची. मधल्या रेघेच्या डावीकडे डावे अंग, उजवीकडे उजवे. खुणेच्या आकारावरून दिशा कळते, रंगछटेवरून उंची, आणि लांबीवरून वेळ. पुढे १९५५ च्या सुमारास इंग्लंडात रुडॉल्फ आणि जोन बेनेश या दांपत्याने आपली पद्धत मांडली. बायको नर्तकी, नवरा हिशेबनीस! त्यांनी संगीताच्या पाच रेघा घेतल्या. वरची रेघ डोक्याची, मग खांदा, कंबर, गुडघा, आणि तळाची जमिनीची. आणि माणूस काढला तो पाठमोरा. वाचणाऱ्याचा उजवा हात तोच कागदावरचाही उजवा. आमची पोरे जिथे अडखळली तिथला खड्डा या हिशेबनिसाने आधीच बुजवून ठेवला होता.

आपल्याकडेही वह्या आहेत. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांची मराठी नृत्यप्रबंधांची रचना तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखितांत पडून होती. मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी तिच्यावर वर्षानुवर्षे खपून ती रंगभूमीवर आणली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती नाचून दाखवली. पोथीने शब्द आणि ताल सांभाळले. शरीर मात्र शरीरालाच पुरवावे लागले.

कॅमेरा असताना लिहायचे कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. पण कॅमेरा सांगतो, अमक्या दिवशी अमक्याने काय केले. त्याचा दमलेला पायसुद्धा त्यात उतरतो. लिपी सांगते, काय करायचे आहे. गाणे आणि गायन यांत जेवढा फरक, तेवढाच हा.

एवढे शहाणपण येऊनही आमचे लेझीम काही जमेना. नुसता गोंगाट! एका संध्याकाळी एका मुलीची आई पाणी भरता भरता थांबली. ती गुरुजींचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. वहीत डोकावून म्हणाली, "सर, हे टिंब म्हणजे आवाज करायचा नाही. गुरुजी इथं सगळ्यांना गप करायचे. म्हणायचे, साखळी थांबली की पाय ऐकू येतात." तिने बादली खाली ठेवली, पदर खोचला आणि एका मुलाच्या हातून लेझीम घेतले. चौथ्या मात्रेला तिचा हात जागच्या जागी थांबला, आणि चौकात खरोखरच फक्त पावले ऐकू आली.

ज्याला मी शाईचा डाग समजलो, तीच त्या वहीतली सर्वांत मोलाची खूण होती. महिनाभर हाती होता. मी एकदाच विचारले असते, तर गुरुजींनी स्वतः करून दाखवले असते.

सध्या मी ती वही स्वच्छ अक्षरात उतरून काढतो आहे. टिंब जिथल्या तिथे ठेवून समासात लिहिले आहे : इथे वाजवायचे नाही. शेवटच्या पानावर एक अर्धवर्तुळ आहे. त्याचा अर्थ त्या बाईंनाही ठाऊक नव्हता. तेही मी तसेच उतरून घेतले आहे.