अक्स : इराणच्या जुन्या छायाचित्रांतले चेहरे

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड नावाचा डोंगर आहे. साताऱ्याच्या प्रतापगडाशी त्याचा संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. महादेवाच्या दर्शनाला आलेली माणसे त्याच परिसरातल्या ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या दर्ग्यावरही माथा टेकतात. हारुनी हे नाव मूळचे झाडीपट्टीतले नव्हे. अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींचे गुरू उस्मान हारुनी हे खुरासानातल्या, म्हणजे ईशान्य इराणातल्या निशापूरजवळच्या हारून गावचे, आणि त्यांचे देहावसान मक्केत झाले, असे परंपरा सांगते. तरीही त्यांचे नाव धानाच्या बांध्या आणि सागवानाची राने ओलांडून येथवर पोहोचले. ज्या जिल्ह्यात हे गाव येते तो ‘जिल्हा’, ज्या ‘तालुक्या’त येते तो तालुका, आणि भिंतीवर टांगलेली ‘तसबीर’, हे शब्दही फारसीच्या वाटेनेच मराठीत आले.

इतके जुने नाते असूनही इराणी माणसाचा चेहरा मात्र मराठी तरुणाच्या डोळ्यांसमोर येतो तो मोबाइलवर फिरणाऱ्या एखाद्या चित्रातून. त्यातले सर्वांत गाजलेले चित्र म्हणजे तथाकथित ‘राजकन्या काजार’. भरदार बांधा, जोडलेल्या भुवया, ओठावर स्पष्ट मिशी. खालचा मजकूर सांगतो की तिला 145 जणांनी मागणी घातली आणि नकार पचवू न शकलेल्या 13 जणांनी जीव दिला. हा मजकूर निखालस खोटा आहे. काजार हे व्यक्तीचे नाव नसून घराण्याचे नाव आहे. छायाचित्रातली स्त्री बहुतेक वेळा नासिरुद्दीन शाहाची कन्या इस्मत-उद्दौला असते. तिचा जन्म 1855 चा. एका सरदाराशी तिचा विवाह बालवयातच ठरला, तेव्हा मागण्या घालणाऱ्यांची रांग लागण्याचा प्रश्नच नव्हता. कधीकधी तिच्या जागी तिची सावत्र बहीण ताज-उस्सल्तना हिचे चित्र चिकटवले जाते. या बाईने पुढे आत्मचरित्र लिहिले, त्यात अंतःपुराची परखड झडती घेतली आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी चाललेल्या संघटनेत भाग घेतला. विनोदाच्या बाजारात तिची ही ओळख पार पुसली गेली, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

मिशीचे काय? अफसाने नजमाबादी या इतिहासकार स्त्रीने 2005 च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की एकोणिसाव्या शतकातल्या इराणात स्त्रीच्या ओठावरची कोवळी लव सौंदर्याचे लक्षण मानली जाई. जिला ती नसे, तीही काजळाने रेखून घेई. कोवळ्या, दाढी न फुटलेल्या तरुणाचे आणि तरुणीचे रूप एकाच मापाने मोजले जाई. युरोपीय नजरेचा धाक वाढला तशी ही मिशी लाजेची गोष्ट ठरली. म्हणजे आजचा हसणारा प्रेक्षक इस्मत-उद्दौलाला हसत नाही. तिच्या नंतर आलेल्या एका मापाने तो तिला मोजतो, आणि ते माप आपले नाही याचा त्याला पत्ताही नसतो.

कॅमेरा इराणात फार लवकर आला, 1844 च्या सुमारास, म्हणजे त्याच्या शोधाची घोषणा झाल्यावर अवघ्या पाच वर्षांत. 1848 ते 1896 गादीवर असलेला नासिरुद्दीन शाह स्वतः छायाचित्रे काढी. बायका, मुले, दरबारी, मांजरे, सगळे त्याच्या काचेपुढे आले. फारसीत छायाचित्राला ‘अक्स’ म्हणतात, म्हणजे प्रतिबिंब; मराठीने ‘छाया’ पसंत केली. राजाने दरबारी छायाचित्रकाराला ‘अक्कासबाशी’ असा किताबच दिला. अंतःपुरातल्या त्या चित्रांत स्त्रिया उघड्या चेहऱ्याने बसल्या आहेत, कारण पलीकडे उभा असलेला पुरुष घरचा होता. शंभर वर्षांनी ती चित्रे साऱ्या जगापुढे येतील, हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

राजवाड्याबाहेरचा इराण टिपला तो अंतोन सेव्रुगिन याने. आर्मेनियन वंशाच्या या छायाचित्रकाराने तेहरानात दुकान थाटून हमाल, दर्वेश, पहिलवान, रोटी भाजणारे असे सगळे टिपले. 1908 च्या घटनात्मक क्रांतीच्या धुमश्चक्रीत त्याच्या सुमारे सात हजार काचपट्ट्यांपैकी जेमतेम दोन हजार वाचल्या. इराणच्या सामाजिक इतिहासाचा केवढा तुकडा त्या दिवशी फुटला!

यानंतरचा एक महत्त्वाचा चेहरा मात्र तेहरानात नव्हे, मुंबईत टिपला गेला. पुण्यात 1886 मध्ये जन्मलेल्या अर्देशीर इराणींनी 1931 मध्ये ‘आलम आरा’ काढला, हे सर्वज्ञात आहे. दोनच वर्षांनी त्यांच्या इंपीरियल कंपनीत ‘दुख्तर-ए-लूर’ तयार झाला, हे मात्र मराठी वाचकाला क्वचितच ठाऊक असते. हा पहिला फारसी बोलपट. कथा आणि नायकाची भूमिका अब्दुलहुसेन सेपंता यांची. नायिका गुलनार झाली रूहअंगीझ सामीनेझाद. तिची कर्मानी बोली लपेना, म्हणून कथेतच तशी सोय करून घेतली. त्या बोलपटाची स्थिरचित्रे आजही सापडतात. कपाळावर रुमाल बांधलेली, थेट समोर पाहणारी तरुणी. चित्रपट इराणात तुफान चालला आणि तिच्या वाट्याला शिव्या व धमक्या आल्या. पडद्यावर चेहरा उघडा ठेवल्याची ती शिक्षा होती. पुढचे आयुष्य तिने नाव झाकून, एकाकीपणे काढले.

आणि अवघ्या तीन वर्षांनी, जानेवारी 1936 मध्ये, रझा शाहाने बुरखाबंदीच जाहीर केली. राणी आणि राजकन्या टोपी घालून, उघड्या चेहऱ्याने समारंभाला आल्या त्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. ती पाहून सुधारणेचा जल्लोष वाटतो. पण रस्त्यात शिपाई चादर ओढतील या भीतीने कित्येक बायकांनी उंबरठा ओलांडणेच सोडले, आणि घरात बसलेल्या बाईचे छायाचित्र कोणी काढत नाही. ‘1979 पूर्वीचा इराण’ म्हणून आखूड झग्यांतल्या मुलींची जी चित्रे आज फिरतात, तीही बहुधा तेहरानच्या सधन वस्तीतली. यझ्दच्या गल्लीतली नव्हेत.

8 मार्च 1979 रोजी सक्तीच्या हिजाबाविरुद्ध हजारो स्त्रिया तेहरानच्या बर्फात उतरल्या. हेंगामे गुलिस्तान ही तरुण छायाचित्रकार त्यांच्यामध्येच उभी होती. तिच्या चित्रांत उघडे केस आहेत, डोक्यावर रुमाल असलेल्या बायकाही आहेत, आणि त्या एकाच मोर्चात चालत आहेत.