दोष मुळाशी शोधावा

अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना या टप्प्यात एका पदराच्या मापाने ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्याआधी मात्र वर्षानुवर्षे या रस्त्याने माणसांची हाडे आणि गाड्यांच्या वायरी दोन्ही खिळखिळ्या केल्या. आपल्या वस्त्यांत जुन्याच गाड्या जास्त. त्यांचे ते दुखणे अजून निघते.

वस्तीतल्या एका तरुणाची जुनी शंभर सीसीची गाडी अशीच बिघडली. चावी फिरवली तरी पेट्रोलचा काटा तळाशीच आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा बंद. गाडी गिअरमध्ये आहे की नाही ते कळेना. मागे आई बसलेली असताना एकदा झटका बसून दोघेही पडता पडता वाचले. घरोघरी माल पोहोचवून पोट भरणारा हा पोरगा. एका मिस्त्रीने “पूर्ण मीटर बदला” असे सांगितले. कोणी म्हणाले, नजर लागली, लिंबू-मिरची बांध. पोरगा व्याजाने पैसे काढायला निघाला होता.

त्याला अडवले त्याच्या धाकट्या बहिणीने. ती आयटीआयत वीजतंत्रीचा कोर्स करते. रविवारी वंदना आटोपल्यावर विहाराच्या आवारात तिने गाडी उभी केली. आम्ही सारे भोवती जमलो.

तिने आधी पाने-पकड हातात घेतली नाही. काय चालते, ते पाहिले. हॉर्न वाजतो, इंडिकेटर लागतात. म्हणजे बॅटरी, फ्यूज आणि चावीचा स्विच ठीक. स्पीडचा काटा फिरतो, पण तो पुढच्या चाकाच्या केबलवर चालतो, विजेशी त्याचा संबंध नाही. मीटरमधला इंडिकेटरचा छोटा दिवा लुकलुकतो. म्हणजे मीटरचे अर्थिंग शाबूत. न्यूट्रलच्या दिव्याचे अर्थिंग वेगळे, ते गिअरबॉक्सजवळच्या स्विचमधून मिळते. मग काटा आणि हिरवा दिवा या दोघांत सामायिक काय उरले? चावीकडून येणारी काळी वायर.

तिने हेडलाइट उघडला. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावून त्याची काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला धरली. चावी चालू. कपलरच्या अलीकडे १२ व्होल्ट, पलीकडे शून्य. आतली पिन धक्क्यांनी सैल झाली होती, पावसाच्या पाण्याने तिच्यावर हिरवट किटण चढले होते. तिने चावी बंद केली, बॅटरीची वायर सोडवली, पिन घासली, पकडीने आवळली आणि कपलर पुन्हा बसवला. काटा वर आला, हिरवा दिवा लागला. खर्च झाला तो सँडपेपरच्या तुकड्याचा.

मी हिशेबाचा माणूस. जमाखर्च जुळला नाही तर आम्ही सगळी खातेवही फाडत नाही; फरक कोणत्या पानावर आला, ते शोधतो. विजेचेही तसेच. ती जिथून येते आणि जिथून परतते, त्या दोन्ही बाजू तपासल्या की चूक सापडते. कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते: कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा. मिस्त्रीचा शब्द असो की लिंबू-मिरची, कसोटी एकच.

एक सावधगिरी मात्र हवी. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत इंजिनाचा कारभार संगणकाकडे असतो. त्यांच्या वायरींना बल्ब लावून चाचणी करू नये, नाजूक भाग जळतो. तिथे जाणत्याकडेच जावे.

बंधू-भगिनींनो, आपल्या विहारात ग्रंथ आहेत, ढोलकी आहे. आता एक मल्टिमीटरही घ्या. रविवारी तासभर मुलामुलींना तो वापरायला शिकवा. त्या दिवशी त्या पोराचे व्याज वाचले आणि बहिणीकडे बघण्याची वस्तीची नजर बदलली. दुसऱ्या रविवारी तीन गाड्या तिची वाट पाहत उभ्या होत्या.

जयभीम!