उन्हाळ्यातील कोल्हापूर : एकट्याने, पण बेताने

चैत्र-वैशाखात कोल्हापुरास येणाऱ्या पाहुण्यांत एकटे ज्येष्ठही पुष्कळ दिसतात. जोडीदाराची साथ सुटलेली असते, मुले परगावी असतात आणि अंबाबाईचे दर्शन अनेक वर्षे मनात राहिलेले असते. ‘या वयात, अशा उन्हात एकटे कशाला?’ असे घरचे विचारतात. शिवाजी पेठेत दवाखाना चालवणारा डॉक्टर म्हणून माझे उत्तर असे की, वयाचा आणि उन्हाचा हिशेब ठेवून अवश्य यावे.

आमचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. सायंकाळी वारा सुटतो, त्यामुळे दुपारच्या उन्हाची धास्ती वाटत नाही. पण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या जवळ जातो. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते आणि घामही कमी येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी व क्षार आणखी घटतात. म्हणून तहानेची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने चार-सहा घोट पाणी घ्यावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये.

दिवसाचा आरंभ सहा वाजता करावा. निवृत्ती चौकातील अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून पेठेतून रमतगमत रंकाळ्यावर जावे. या वेळी तलावाकाठी फिरणाऱ्यांची वर्दळ असते, एकटेपणा जाणवत नाही. परतून न्याहारी व सकाळची औषधे घ्यावीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी दर्शनाच्या रांगेत उभे राहू नये. खिशात साखर किंवा गुळाचा खडा असू द्यावा.

देवळात नऊच्या आत पोहोचावे. याचे कारण गर्दीपेक्षा फरशीत आहे. ऊन चढले की आवारातील दगड चांगलेच तापतात. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झालेली असते. चटका कळत नाही, फोड मात्र येतात. माझ्याकडे आलेल्या एका सत्तरीच्या गृहस्थांना आपले दोन्ही तळवे भाजल्याचे रात्री मोजे काढताना समजले. ती जखम भरण्यास सहा आठवडे लागले. म्हणून जाड सुती मोजे घालावेत, सावलीतून चालावे आणि मुक्कामी आल्यावर तळवे आरशात पाहावेत. कोल्हापुरी चप्पल अवश्य विकत घ्यावी, पण नवी चप्पल पायात घालून दिवसभर हिंडू नये. तिने चावलेली जागाही मधुमेह्याला महागात पडते.

अकरा ते चार हा काळ छपराखाली घालवावा. १८८४ साली पूर्ण झालेल्या न्यू पॅलेसमधील संग्रहालय त्यासाठी उत्तम. तेथे रिक्षाने जावे. दुपारचे जेवण हलके असावे. तांबडा-पांढरा रस्सा चाखायचा असेल तर एक वाटी पुरे. भरपेट तिखट जेवणानंतर पित्त उसळते आणि अंगाची आग होते. ताक किंवा सोलकढी घ्यावी, मात्र रक्तदाब असल्यास मीठ बेताचे. जेवणानंतर तासभर आडवे व्हावे.

सायंकाळी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग कुस्ती मैदान पाहावे. पुढे गंगावेशीतील कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध मिळते. त्याची ख्याती मोठी आहे. पण न उकळलेल्या दुधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. ज्येष्ठांनी ते पाहण्यापुरतेच ठेवावे आणि दूध तापवलेलेच प्यावे.

डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे आणि चक्कर ही उन्हाच्या थकव्याची लक्षणे होत. अशा वेळी लगेच सावलीत बसावे, कपडे सैल करावेत आणि जलसंजीवनी घोट-घोट घ्यावी. बोलणे असंबद्ध होणे, शुद्ध हरपणे, अंग भट्टीसारखे तापणे हा उष्माघात होय. तेथे क्षणाचाही विलंब नको. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

घरच्यांनो, प्रवासाला नकार देण्याऐवजी एक चिठ्ठी करून द्या. तीत नाव, आजार, चालू औषधे, ॲलर्जी आणि दोन दूरध्वनी क्रमांक लिहा. ती सदऱ्याच्या खिशात किंवा पर्समध्ये ठेवायला सांगा. दुपारी एक आणि रात्री आठ या दोन वेळा बोलण्यासाठी ठरवा. एरवी सारखी विचारपूस करू नका. आणि ऊन सोसणारच नसेल, तर नोव्हेंबरात किंवा जानेवारीच्या अखेरीस पाठवा. त्या सुमारास मावळतीची किरणे गाभाऱ्यात शिरतात. किरणोत्सवाच्या त्या दिवसांत हवा सुखद असते. मात्र गर्दी मोठी असते, म्हणून दर्शन सकाळीच उरकायला सांगा.