बंदीची यादी भिंतीवर लावा

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दहा संगणक आणि इंटरनेटची जोडणी एकच. म्हणून मध्ये प्रॉक्सी सर्व्हर बसवला आहे. मुलांनी मागितलेले प्रत्येक संकेतस्थळ आधी त्याच्याकडे जाते आणि परवानगी असेल तरच उघडते. त्यावर स्क्विड ही मोफत, मुक्त प्रणाली चालते. तिचे नियम मी लिहितो. शिक्षण माझे समाजशास्त्राचे, पण हे काम करताना माझाच विषय समोर येतो: आत कुणाला घ्यायचे, अडवायचे कुणाला, आणि हे ठरवतो कोण?

बैठकीत नेहमी सूचना येते, "सरकारी संकेतस्थळे तेवढी ठेवा, बाकी सगळे बंद करा." हे दोन-तीन ओळींचे काम आहे. परवानगीच्या यादीत '.जीओव्ही.इन' लिहायचे. सुरुवातीचे टिंब महत्त्वाचे. ते असले की त्या नावाखालची सगळी संकेतस्थळे आत येतात, राज्य सरकारची आणि लोकसेवा आयोगाचीही. शेवटची ओळ 'डिनाय ऑल', म्हणजे उरलेल्या सर्वांना बंदी. स्क्विड नियम वरून खाली वाचते आणि पहिला लागू पडेल तिथेच थांबते. 'सर्वांना बंदी' वर गेली, तर खालची परवानगी कागदावरच राहते.

पण परीक्षेचा अर्ज एका डोमेनवर पुरा होत नाही. पानावरची एखादी स्क्रिप्ट, फी भरायचे पान दुसऱ्याच डोमेनवरून येते. मग अर्ज उघडतो, पण पुढे सरकत नाही. मुलीला वाटते, आपल्यालाच जमत नाही. शेवटच्या तारखेला असे झाले तर तिचे वर्ष जाते.

व्हिडिओचेही तसेच. एचटीटीपीएसमध्ये प्रॉक्सीला साधारणपणे डोमेनचे नाव दिसते, आतले पान दिसत नाही. म्हणून गाणी बंद आणि राज्यघटनेवरची व्याख्याने सुरू, असे डोमेनच्या नियमाने करता येत नाही. शिस्तीच्या नावाने सरसकट बंदी मागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. ज्याच्या घरी वायफाय आहे त्याचे काही बिघडत नाही. ज्याला अभ्यासिकेशिवाय सोय नाही, त्याचेच व्याख्यान बुडते.

मित्रांनो, नियम नकोत असे मी म्हणत नाही. जोडणी एक असेल तर वाटून घ्यावीच लागेल. स्क्विडमध्ये वेळेचाही नियम लावता येतो, तेव्हा व्हिडिओला ठरावीक तास द्या. बंद डोमेनची यादी कारणांसह भिंतीवर लावा. अडवल्यावर दिसणारे पान मराठीत करा आणि तक्रार कुणाकडे करायची ते त्यावर लिहा. आठवड्यातून एकदा सर्व्हरच्या नोंदीत 'डिनाइड' शोधा. काय अडले ते बघा, पण कोण काय पाहतो याची चौकशी करू नका.

आपल्या वसतिगृहात, ग्रंथालयात अशी यादी असेलच. ती कुणी लिहिली, एवढे उद्या विचारून बघा.