घडी मोडावी लागते

लग्नाचा मांडव उतरतो, पाहुणे आपापल्या गाड्यांना लागतात, उसनी आणलेली भांडी परत जातात. त्यानंतर घरात एक काम उरते, आणि ते कुणी कुणाला सांगितलेले नसते. वधूची वस्त्रे कुठे ठेवायची आणि कशी? आमच्या खानदेशातील कॅथलिक घरांत ही वस्त्रे बहुधा दोन असतात: चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी नेसलेली पांढरी साडी किंवा झगा, आणि संध्याकाळच्या समारंभाचा जरीचा शालू अथवा पैठणी. पैठणीचे येवले आम्हांला परके नाही. धुळ्याहून मालेगाव आणि मनमाड ओलांडले की ते आलेच. जरीचे सुरत तर तापीकाठच्या रेल्वेने जळगावला जोडलेले. मात्र वस्त्र आणण्यासाठी आपण जेवढी पायपीट करतो, तेवढी काळजी ते राखण्यासाठी घेत नाही.

खरी जर म्हणजे रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. हवेत गंधकाचा अंश असतो. तो चांदीला भिडला की ती काळवंडते. म्हणून जरीवर अत्तर शिंपडू नये, तिला रबर लागू देऊ नये आणि डांबराची गोळी टेकू देऊ नये. पांढऱ्या वस्त्राचा शत्रू निराळा. सरबताचा, केकचा किंवा द्राक्षारसाचा ठिपका लग्नाच्या दिवशी दिसत नाही. त्यातील साखर पुढे काही महिन्यांनी पिवळी-तपकिरी होऊन वर येते. तेव्हा आठवड्याच्या आत साडी ड्रायक्लीनिंगला द्यावी आणि डाग कुठे पडले असतील ते दाखवून द्यावे. ठेवणीच्या साडीला खळ देऊ नये. खळीला आणि घामाच्या डागांना कसर आधी लागते.

बांधायला जुने, अनेकदा धुतलेले सुती कापड उत्तम. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. सुती कापडातून हवा खेळते आणि धूळ बाहेर राहते. ही काही नवी विद्या नव्हे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात १९२७ पासून जुनी कागदपत्रे जतन केली जात आहेत. असे कागद आपले पूर्वज सुती रुमालांत बांधूनच ठेवीत. दप्तराच्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ हे नाव पडले ते त्यामुळेच. कागदाला जे मानवले ते रेशमालाही मानवते. लोखंडी कपाटाला गंज धरतो, म्हणून खणात आधी कापड अंथरावे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा कपाट पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला लावू नये. जड पैठणी टांगूनही ठेवू नये, कारण तिचे वजन तिलाच ओढते.

हे सारे केले तरी एक गोष्ट राहते, आणि ती आम्ही आमच्या आईकडून शिकलो. मराठीत नवी साडी प्रथम नेसण्याला ‘घडी मोडणे’ म्हणतात. आई ही घडी दरवर्षी मोडीत असे. पाऊस सरून हवा कोरडी झाली, दिवाळी होऊन गेली, की नाताळच्या साफसफाईआधी एका दुपारी ती आपला शालू आणि पांढरी साडी बाहेर काढी, उन्हात नव्हे, तर सावलीत पसरी, आणि पुन्हा घालताना घडीची रेघ बदली. जरीची तार वर्षानुवर्षे एकाच रेघेवर दुमडली की तिथेच तुटते आणि शेजारच्या रेशमालाही कापते.

आमच्या आळीतील एका मावशींचा शालू असाच गेला. त्यांनी तो वीस-बावीस वर्षे कुलपात जपला, कधी उघडला नाही. उघडला तेव्हा तो घड्याघड्यांवर फाटला होता. जुनी जर विकत घेणारा दारावर आला आणि त्याने तो तराजूत घातला. अशा साड्या जाळून त्यांतील चांदी काढतात. मावशींनी पैसे मोजून घेतले नाहीत, तसेच पदराला बांधले. त्या दिवशी आई फारशी बोलली नाही.

आई गेली, आणि तिच्या दोन्ही साड्या आम्हां भावंडांकडे आल्या. पांढऱ्या साडीच्या पदरातून तिने स्वतःच बाप्तिस्म्याचा छोटा झगा शिवून घेतला होता. घरातील पाच बाळांनी तो घातला आहे. शालूचा प्रश्न मात्र भाचीच्या लग्नात उभा राहिला. तिला तो नेसायचा होता. धुळ्याची ताई म्हणाली, ही आईची शेवटची वस्तू आहे, तिला हात लावू नका. ताईचे म्हणणे आम्हांला खोटे वाटले नाही. दोन संध्याकाळी त्यावर बोलणे झाले. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने पृथ्वीवरच्या साठ्याला कसर लागते असे सांगितले आहे, याची आठवण कुणीतरी दिली. तेव्हा ताईच म्हणाली, कसर लागू नये म्हणून तर आई दरवर्षी तो उघडीत होती. मग तिनेच पदरामागे पातळ मलमलीचे अस्तर टाचले, विरलेल्या जागी रफू करून घेतले, आणि भाचीला ताकीद दिली की पिना जरीतून टोचायच्या नाहीत.

शालू दोन तास अंगावर राहिला. दुसऱ्या दिवशी तो वाऱ्यावर टाकून घाम सुकू दिला. आता तो जळगावात भाचीच्या घरी, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला आहे. दिवाळीनंतर एका दुपारी ताई तिच्याकडे जाणार आहे. रेघ कशी बदलायची, हे तिला शेजारी बसवून दाखवायचे आहे.